घरचं जाळं : एकाच घरात असून दिसत का नाही?



दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांची जात बदलते. वर्षभर मोठ्या माणसांचे प्रश्न असतात. प्रिंटर सापडत नाही, मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही, वगैरे. सुट्टीत मात्र भाचे, पुतणे, त्यांचे मित्र, सगळे एकच विचारतात : "आम्ही सगळे एकाच घरात, एकाच वाय-फायवर आहोत. मग मी सुरू केलेला गेम त्याच्या लॅपटॉपवर दिसत का नाही?"

आमच्या मोहगावात हा प्रश्न जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे. सौंसर-पांढुर्णा भागातल्या बऱ्याच घरांसारखी आमची पुढची पिढीही नागपूर, पुणे, बेंगळुरूला पांगली. पोरं वर्षातून एकदा, फार तर दोनदा एकत्र येतात. अर्धनारीश्वराचं दर्शन होतं, संत्र्याच्या बागेत एक चक्कर होते, फराळावर हात मारून होतो, आणि मग दुपार उरते. घरातलं इंटरनेट कधी धड, कधी अर्धं. प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून बसला की चार दिवस तसेच निघून जातात. एकाच खोलीत बसून, एकमेकांवर ओरडत खेळता येईल असा गेम लागला तर त्याच चार दिवसांच्या आठवणी पोरं पुढच्या दिवाळीपर्यंत सांगतात. म्हणून "दिसत नाही" ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही.

इंटरनेटचा इथे संबंध किती?

पहिली गोष्ट मनात पक्की करा. 'लॅन' म्हणजे घरातल्या घरातलं जाळं. तुमचा लॅपटॉप, ताईचा लॅपटॉप आणि मधला राउटर, एवढ्यावर ते पूर्ण होतं. यजमानाच्या लॅपटॉपवरून निघालेला निरोप राउटरपर्यंत जातो आणि तिथूनच वळून पाहुण्याच्या लॅपटॉपवर येतो. तो गावाबाहेर जातच नाही. त्यामुळे बाहेरचं इंटरनेट रडतखडत चाललं असलं तरी लॅनवरचा खेळ झकास चालू शकतो. गेम उतरवताना आणि खात्यात शिरताना इंटरनेट लागतं, ती कामं नागपूर-पुण्याहून निघण्याआधीच उरकून या.

हे सांगायचं कारण असं, की गेम दिसला नाही की सगळे आधी इंटरनेटच्या नावाने बोटं मोडतात. राउटर दहा वेळा बंद-चालू होतो. दुपार जाते आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

दवंडी आणि पत्ता

गेम दुसऱ्याच्या पडद्यावर 'दिसतो' कसा, ते कळलं की निम्मं काम झालं. पूर्वी गावात दवंडी पिटायचे, तसंच इथे होतं. यजमानाचा संगणक दर थोड्या वेळाने जाळ्यात ओरडून सांगतो : "माझ्याकडे खेळ मांडलाय, अमुक दारातून आत या." ज्याला दवंडी ऐकू येते त्याच्या यादीत खेळाचं नाव उमटतं.

पण दवंडी ऐकू आली नाही म्हणून घर नाहीसं होत नाही. पत्ता ठाऊक असेल तर थेट जाता येतं. घरच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक पत्ता मिळतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे आकडे खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, त्यामुळे तुमच्या घरी १९२.१६८.१.७ असेल आणि शेजाऱ्याकडेही तोच असेल, तरी घोटाळा होत नाही. पत्त्यापुढे दाराचा क्रमांक लागतो, त्याला पोर्ट म्हणतात. पत्ता म्हणजे घर, पोर्ट म्हणजे त्या घराचं नेमकं दार.

या दवंडीचा इतिहासही गमतीचा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला 'डूम' हा गेम लॅनवर चार जणांना एकत्र खेळता यायचा. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत खेळाडूच्या हालचालीसुद्धा दवंडी पिटूनच साऱ्या जाळ्याला कळवल्या जायच्या. खेळणारे चार, पण ऐकावं लागायचं जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला. कॉलेजांची आणि कंपन्यांची जाळी तुंबू लागली आणि काही ठिकाणी गेमवर बंदी आली. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं. आता दवंडी फक्त ओळख करून देण्यापुरती असते, पुढचं बोलणं दोघांतच चालतं.

आज चाळिशीला टेकलेल्या वाचकांना सायबर कॅफेतले 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'एज ऑफ एम्पायर्स' आठवत असतील. तिथे असला प्रश्न फारसा यायचा नाही. सगळे संगणक केबलने एकाच पेटीला जोडलेले आणि कायम एकाच जागी असायचे. आजचा लॅपटॉप मात्र स्टेशनवर, हॉटेलात, कॉलेजात, कुठेही जोडला जातो. अनोळखी जागी कोणावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याला शिकवून ठेवलेलं असतं. तो मोहगावच्या घरी आला तरी आधी संशयानेच वागतो.

मागच्या दिवाळीतली पाच यंत्रं

मागच्या दिवाळीत आमच्याकडे पोरांनी 'माइनक्राफ्ट' मांडला. पुण्याचे दोन लॅपटॉप, बेंगळुरूचा एक, वरच्या खोलीत पुतण्याचा टेबलावरचा संगणक आणि सगळ्यात धाकट्या भाचीचा टॅबलेट. पुण्याच्या मोठ्या पोराने खेळ सुरू केला, मेनूतून 'ओपन टू लॅन' दाबलं. धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर खेळ लगेच दिसला. बाकी तिघांच्या यादीत काहीच नाही. "आत्या, वर्ल्ड दिसूनच नाही राहिलं," वरून पुतण्या ओरडला.

तिघांची तक्रार एकच होती, पण कारणं तीन निघाली. हा प्रसंग मुद्दाम सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरचा बिघाड बहुधा यातलाच एक असेल.

आधी बेंगळुरूचा लॅपटॉप घेतला. यजमानाने खेळ खुला केला तेव्हा त्याच्या पडद्यावर पोर्टचा क्रमांक उमटला होता. हा क्रमांक दर वेळी बदलू शकतो, म्हणून कागदावर लिहून घ्यावा. यजमानाचा पत्ता आम्ही विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करून काढला. तिथे 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' या ओळीत पत्ता असतो. मग बेंगळुरूच्या लॅपटॉपवर 'डायरेक्ट कनेक्शन' मध्ये पत्ता, मग दोन टिंबांचं विसर्गासारखं चिन्ह, मग पोर्ट असं लिहिलं. पोरगी थेट खेळात शिरली.

म्हणजे रस्ता मोकळा होता, फक्त दवंडी ऐकू येत नव्हती. पाहुण्याच्या लॅपटॉपने कान बंद केले होते. घरचं वाय-फाय त्याने 'पब्लिक' म्हणून नोंदवलं होतं. विंडोज नव्या जाळ्याला बहुधा असंच धरून चालतं. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडून, त्या वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन 'प्रायव्हेट' केलं, आणि फायरवॉलमध्ये गेमला खासगी जाळ्यापुरती परवानगी दिली. यादीत नाव आलं. इथे एक खाचखळगा आहे. परवानग्यांच्या यादीत 'माइनक्राफ्ट' हे नाव शोधून सापडत नाही. जावा आवृत्ती तिथे 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी' किंवा 'जावा प्लॅटफॉर्म' अशा नावाने असते.

मग वरच्या खोलीतला संगणक. थेट पत्ता टाकल्यावर पुतण्याही आत शिरला, पण त्याने स्वतः खेळ मांडला की खालचं कोणी त्याच्याकडे पोचेना. पत्ता टाकूनही नाही. वरून खाली रस्ता आहे, खालून वर नाही, हे लक्षण ओळखीचं आहे. त्याचा पत्ता पाहिला तर १९२.१६८.०.५, आणि खालच्या सगळ्यांचे १९२.१६८.१ ने सुरू होणारे. जुन्या घराच्या जाड भिंतीतून वाय-फाय वर जात नाही म्हणून दादाने वर दुसरा राउटर लावलेला. खालून आलेली केबल त्याने त्या राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या, वेगळ्या रंगाच्या खाचेत खोचली होती. इंटरनेट मिळतं, त्यामुळे वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. पण त्या खाचेमुळे वरचा राउटर स्वतःचं वेगळं जाळं थाटून बसतो. घर एक, चुली दोन. वरच्याला खाली जाता येतं, पण खालच्याची दवंडी वर चढत नाही आणि खालून कोणी वर गेलं तर वरचा राउटर दारातूनच परत पाठवतो.

उपाय दोन आहेत. राउटरच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो लावायचा. नसेल तर त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे 'डीएचसीपी', बंद करायचं आणि केबल 'लॅन' लिहिलेल्या खाचेत घालायची. दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता एकच नाही ना, तेवढं आधी बघून घ्या. आमच्या वरच्या राउटरमध्ये पहिला उपाय होता. दहा मिनिटांत चूल एक झाली.

उरला टॅबलेट. तो त्याच वाय-फायवर, पत्ताही बरोबर. पण टॅबलेटवरचा माइनक्राफ्ट 'बेडरॉक' आवृत्तीचा असतो आणि लॅपटॉपवर पोरं 'जावा' आवृत्ती खेळत होती. नाव एक, पण आतली बोली वेगळी. या दोन आवृत्त्या एकमेकींशी थेट बोलत नाहीत, जाळं कितीही सुधारा. आठ वर्षांची पोरगी हातात टॅबलेट धरून विचारत होती, "माझं केव्हा होणार?" मोठे चौघे खेळात रंगले होते. "तू बघ ना नुसती," असं एकाने सांगूनही टाकलं.

मी तिथे खेळ थांबवायला लावला. जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या २०२२ पासून संगणकासाठी एकत्रच विकल्या जातात. त्यामुळे सगळ्या लॅपटॉपवर बेडरॉक असतं तर तिकडे वळता आलं असतं, पण दोघांकडे ते उतरवलेलं नव्हतं आणि आमच्या इंटरनेटवर ते रात्रीपर्यंतही उतरलं नसतं. एकाच्या लॅपटॉपवर 'सुपरटक्सकार्ट' होता. गाड्यांच्या शर्यतीचा हा गेम मोफत आणि मुक्त आहे, संगणकावर आणि अँड्रॉइडवर दोन्हीकडे चालतो, आणि २०१९ च्या १.० आवृत्तीपासून त्यात जाळ्यावर एकत्र खेळता येतं. लॅपटॉपमधली फाइल पेन ड्राइव्हने बाकीच्यांकडे गेली, टॅबलेटवर तेवढा इंटरनेटवरून उतरवला. आवृत्ती सगळीकडे एकच आहे ना, ते पाहून घेतलं. चहा होईपर्यंत पाचही गाड्या एका रेषेत उभ्या होत्या. पहिल्या तीन शर्यती धाकटीने हरल्या, चौथीत तिने दादाला भिंतीत घातला.

माझं तरुण वाचकांना एवढंच सांगणं आहे, की गेम निवडताना आधी घरातलं सगळ्यात साधं यंत्र कोणाच्या हातात आहे ते बघा. सगळ्यात भारी लॅपटॉपवर काय चालतं हा प्रश्न नंतरचा. जाळ्यातला बिघाड शोधता येतो, पण ज्याच्या यंत्रावर गेम मुळातच चालत नाही, त्याला कुठलंही सेटिंग आत घेऊ शकत नाही.

राखणदाराला सुट्टी देऊ नका

आता जरा दटावणीचं. गेम दिसत नाही म्हटलं की कोणीतरी हुशार सांगतो, "फायरवॉल बंदच करून टाक." करू नका. फायरवॉल हा दारावरचा राखणदार आहे. त्याला एका पाहुण्याचं नाव सांगायचं, घरी पाठवायचं नाही. तात्पुरती बंद केलेली फायरवॉल परत सुरू करायची कोणालाच आठवत नाही, आणि तोच लॅपटॉप आठवड्याने रेल्वे स्टेशनच्या वाय-फायवर उघडा पडतो. त्यावर तुमच्या बाबांच्या बँकेचे व्यवहारही होत असतील.

पहिल्यांदा गेम सुरू करताना विंडोज परवानगी विचारतं. घाईत 'कॅन्सल' दाबलं तर नकाराची नोंद राहते आणि ते पुन्हा विचारत नाही. मग 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल' मध्ये जाऊन त्या नावापुढची 'प्रायव्हेट' ची खूण करावी लागते. यजमानाच्या संगणकावर हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकी सगळे त्याच्या दारी येणार असतात. वेगळं अँटिव्हायरस टाकलेलं असेल तर त्याचा स्वतःचा राखणदार असू शकतो, तिथेही बघा. आई-बाबांच्या ऑफिसच्या लॅपटॉपला मात्र हात लावू नका. त्याचे नियम ऑफिसचे असतात, तो खेळात नसलेलाच बरा.

राउटरच आडवा आला तर

कधी कधी सगळं बरोबर असूनही कोणीच कोणाला दिसत नाही. तेव्हा राउटरवर संशय घ्या. 'गेस्ट' नावाच्या वाय-फायवर जोडलेल्या यंत्रांना इंटरनेट मिळतं, पण बहुधा एकमेकांशी बोलता येत नाही. पाहुण्यांनी घरातली यंत्रं चाचपू नयेत म्हणून ती सोय केलेली असते. काही राउटरमध्ये मुख्य वाय-फायवरही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाची खूण असते, ती काढावी लागते.

राउटरचा पासवर्ड कोणालाच माहीत नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि सगळ्यांना त्यावर घ्या. मोबाईल डेटा बंद असला तरी बऱ्याच फोनवर हे चालतं, कारण फोन इथे फक्त राउटरचं काम करतो. दोघंच असाल तर एक लॅन केबल दोन लॅपटॉपमध्ये सरळ जोडा. राउटर नसल्यामुळे दोघांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते मिळतील. दोघांपुरते ते चालतात. वाय-फायवर असताना मात्र असा पत्ता दिसला तर समजा, राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही. वाय-फाय तोडून परत जोडा.

आणि लाइन गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतात, पण राउटर बंद पडतो आणि खेळ तिथेच तुटतो. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, तरी घेण्याआधी आपल्या राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचून घ्या.

या क्रमाने तपासा

हा भाग मोबाईलमध्ये जपून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच करून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

१. सगळ्यांकडे गेम तोच, प्रकार तोच आणि आवृत्तीचा आकडा तोच आहे का? प्रत्येकाचं खातं वेगळं आहे का?

२. सगळे एकाच वाय-फायवर आहेत का? कोणी 'गेस्ट'वर, शेजाऱ्याच्या वाय-फायवर किंवा मोबाईल डेटावर तर नाही?

३. सगळ्यांचे पत्ते काढा. पहिले तीन आकडे सारखे आहेत का? नसतील तर घरात दुसरा राउटर शोधा.

४. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. ते यंत्राला घरात बसवून दुसऱ्याच गावी नेतं.

५. पत्ता आणि पोर्ट टाकून थेट जोडून बघा. जमलं तर रस्ता मोकळा आहे, फक्त दवंडी अडते आहे. थेटच खेळा, यादी नंतर दुरुस्त करा.

६. थेटही जमलं नाही तर यजमानाचं जाळं 'प्रायव्हेट' आहे का आणि फायरवॉलमध्ये गेमला परवानगी आहे का, ते बघा.

७. तरीही नाही, तर यजमान बदला. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर खेळ मांडा. तिथे सगळे पोचले तर बिघाड पहिल्या लॅपटॉपमध्ये आहे, नाही पोचले तर राउटरमध्ये.

'पिंग' बद्दल एक शब्द. दुसरं यंत्र ओ देतं का, हे बघायची ही जुनी आज्ञा माइक मस यांनी १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडी शोधताना सोडलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तिला नाव पडलं. उत्तर आलं तर रस्ता आहे हे नक्की. पण उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता नाही, असं धरू नका. विंडोजचा राखणदार पिंगला बऱ्याचदा मुद्दामच उत्तर देत नाही.

ही यादी घरातल्या एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात द्या आणि मोठ्यांनी बाजूला बसा. आमच्या पुतण्याने यंदा पोळ्याला आलेल्या मित्रांची तीन यंत्रं स्वतः जोडली. मला फोन आला, पण तो फक्त कोण जिंकलं ते सांगायला.

पुढच्या अंकात राउटरचा पासवर्ड विसरल्यावर काय करावं आणि नवा कुठे लिहून ठेवावा, ते पाहू. तोवर तुमच्या घरची पाच यंत्रं कुठे अडली, ते जरूर कळवा. पत्ते आणि पासवर्ड मात्र पाठवू नका.

दिवाळीच्या शुभेच्छा!